धबधब्याची पायवाट: या चुका टाळा

जूनचा शेवटचा आठवडा आला की शनिवारी सकाळपासूनच साताऱ्यातल्या बोगद्याकडून सज्जनगड-ठोसेघरच्या दिशेने गाड्यांची रांग लागते. तेवढीच गर्दी यवतेश्वर घाटातून कासमार्गे भांबवलीच्या वजराई धबधब्याकडे निघते. पाटण तालुक्यात सडावाघापूरचा उलटा धबधबा, कोयनानगरच्या पुढे नवजाजवळचा ओझर्डे आणि महाबळेश्वरात लिंगमळा इथेही तीच गत. कुठे अपघात झाला की दुसऱ्या दिवशी ‘हुल्लडबाज पर्यटक’ अशी बातमी येते, चार दिवस बंदी लागते आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच सुरू. हुल्लडबाजी होते, हे खरं आहे. पण चिखल चुकवायला दरीच्या बाजूला सरकणारी आजी, शेवाळलेल्या पायरीवरून घसरणारा मुलगा आणि हलत्या कठड्याला टेकून उभा राहिलेला बाप यांनी कोणतीही हुल्लडबाजी केलेली नसते. त्यांना धोक्यात घालते ती वाट. वाट नीट करणं गावाच्या, वन समितीच्या आणि ग्रामपंचायतीच्या हातातलं काम आहे आणि त्यातलं बरंचसं फार खर्चाचंही नाही.

पाण्याला वाट काढून न देणं

सगळ्या बिघाडांचं मूळ इथे आहे, म्हणून याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

आपल्याकडचे बहुतेक धबधबे सड्याच्या कडेवरून पडतात. सडा म्हणजे जांभ्याचा किंवा कातळाचा पसरट माथा. त्यावर माती कुठे बोटभर, कुठे तीही नाही. जुलैत तो एकदा तृप्त झाला की पडलेला पाऊस मुरत नाही, पत्र्यावरून वाहावा तसा सरळ उताराला लागतो. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढ्या पाण्याला पायवाट हीच सोयीची नाली मिळाली तर एका हंगामात वाटेची घळ होते, मुळं उघडी पडतात, दगड सुटतात.

उपाय तीन. एक म्हणजे वाटेला दरीच्या बाजूने किंचित उतार द्यायचा: दीड मीटर रुंदीच्या वाटेला पाच ते सात सेंटिमीटर पुरे. यापेक्षा जास्त दिला तर पाय त्या बाजूला घसरतो. जिथे लगेच खाली कडा आहे तिथे हा उतार उलटा, डोंगराच्या बाजूला द्यावा आणि पाणी आतल्या चरातून न्यावं. दुसरा उपाय हा चर. तो ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल असावा, तळाला दगड बसवलेले असावेत. तिसरा उपाय तिरके बांध.

तिरका बांध म्हणजे वाटेवर ओळीने पुरलेले लांबट दगड. प्रत्येक दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत जाईल एवढा खड्डा घ्या, वर दहा-बारा सेंटिमीटरच ठेवा. बांध वाटेला काटकोनात घातला तर त्याच्या मागे गाळ साचतो आणि दोन पावसांत तो गाडला जातो, म्हणून साधारण ४५ अंशांत तिरका घाला. त्याचं खालचं टोक वाटेच्या बाहेर अर्धा मीटर काढा आणि पाणी पडतं तिथे चार-पाच मोठे दगड टाका, नाहीतर तिथेच नवी घळ सुरू होते. किती अंतरावर घालायचे? गवंड्याच्या पाण्याच्या नळीने उतार मोजा. दर १० मीटरला अर्धा मीटर उतार असेल तर २५ मीटरवर एक बांध, एक मीटर असेल तर १५ मीटरवर, दोन मीटर असेल तर सात-आठ मीटरवर. कमी पावसाच्या मुलखात यापेक्षा विरळ चालतात. कास, ठोसेघर, कोयना या पट्ट्यात चालत नाहीत.

इथे एक चूक हमखास होते. नागमोडी वाटेवर वरच्या वळणाचं पाणी खालच्या वळणावर सोडलं जातं. बांध घालणाऱ्याने पाण्याच्या मागे चालत जाऊन ते शेवटी कुठे पोचतं ते पाहिलं पाहिजे. तेही मे महिन्यात अंदाजाने नको. पहिल्या मोठ्या पावसात इरलं किंवा रेनकोट घालून वाट चालून या, पाणी जिथे थांबतंय तिथे चुन्याने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करा.

ओढा ओलांडायला सिमेंटचा पाइप घालून मोरी केली असेल तर तिचं तोंड दर आठवड्याला उघडा. पालापाचोळ्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या आणि चिप्सची पाकिटं ते जास्त बुजवतात. १५० मिलिमीटरचा पाइप तर घालूच नये. किमान ४५० मिलिमीटरचा हवा, म्हणजे फावडं आत जातं. छोट्या ओहोळाला मोरीपेक्षा दगडी खोलगट फरशी बरी: पाणी वरून जातं आणि तुंबायला काही उरत नाही.

चिखलावर मुरूम टाकणं

मे महिन्यात दोन ट्रॅक्टर मुरूम पसरला की वाट छान लाल दिसते, फोटोही चांगले येतात. जुलैत त्याचा राबडा होतो. मुरमात मातीचं प्रमाण मोठं असतं. हजारो पाय आणि सतत पाऊस यांत तो टिकत नाही. मग लोक चिखल टाळून कडेने चालतात, कडा तुडवली जाते, तिथेही चिखल होतो आणि दीड मीटरची वाट पाच मीटरची होते. ही रुंदी नेहमी मोकळ्या बाजूला, म्हणजे बऱ्याचदा दरीकडेच वाढते.

चिखलाच्या जागी आधी पाणी तोडा, मग १५ ते २० सेंटिमीटर खोल खणून दगडी सोलिंग भरा. दगड उभे, एकमेकांत अडकवून. वर ४० मिलिमीटरची खडी आणि फटी भरण्यापुरती बारीक खडी. दोन्ही कडांना मोठे दगड पुरून ओळ धरा. दगड ओढ्यातून उचलू नका. ओढ्यातले गोटे गुळगुळीत असतात, घट्ट बसत नाहीत आणि ते काढल्याने काठही ढासळतो.

पेव्हर ब्लॉकचं वेड सध्या सगळीकडे आहे. उतारावर त्यांच्या खालची कच किंवा वाळू वाहून जाते, ब्लॉक झुलायला लागतात आणि एकेक निखळतो. सपाट वाहनतळावर, कडेला पक्की पट्टी बांधून ते ठीक आहेत, डोंगरवाटेवर नकोत. शिवाय यातल्या बऱ्याच जागा वनजमिनीवर आहेत. काही कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत किंवा लगत आहेत, कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे पक्क्या बांधकामाआधी वनविभागाची परवानगी लागतेच. दगडी काम पुढे काढता येतं, काँक्रीट काढता येत नाही, हेही ध्यानात असावं.

गुळगुळीत फरशीच्या आणि कमी-जास्त उंचीच्या पायऱ्या

देणगीतून आलेली शहाबादी, पॉलिश केलेला ग्रॅनाइट, चकचकीत टाइल यातलं काहीही धबधब्याच्या तुषारात बसवू नये. एकदा शेवाळ धरलं की त्यावर नव्या बुटालाही पकड मिळत नाही. काळा दगड वापरा, पण टाकी मारून खडबडीत केलेला. काँक्रीट करायचंच असेल तर ते थोडं आळल्यावर खराट्याने रेघा ओढा. रेघा पायरीच्या काठाला समांतर हव्यात. चालण्याच्या दिशेने ओढल्या तर पाय त्या रेघांतूनच घसरतो.

पायरीची उंची १५ ते १७ सेंटिमीटर, पाय ठेवायची जागा ३० ते ३५. माणूस पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत उंचीचा अंदाज बांधतो आणि मग खाली न बघता चालतो. मध्येच एक पायरी दोन-तीन सेंटिमीटर कमी-जास्त आली की ठेच लागते किंवा पाय अंतराळी पडतो. सर्वाधिक फरक पहिल्या आणि शेवटच्या पायरीत सापडतो, कारण गवंडी उरलेली उंची तिथे मारून नेतो. काम सुरू करण्याआधी एकूण उंची मोजून समान भाग पाडायला लावा. पायरीला पुढच्या बाजूने अर्धा सेंटिमीटर ढाळ द्या, म्हणजे पाणी साचत नाही. बारा-पंधरा पायऱ्यांनंतर किमान सव्वा मीटरचा सपाट टप्पा ठेवा. दम लागलेला माणूस टप्पा नसेल तर मधल्याच पायरीवर थांबतो आणि मागची रांग कडेने जाऊ लागते.

पायऱ्यांच्या काठांना पिवळा पट्टा मारतात तो चांगला, पण नुसता ऑइल पेंट ओला झाला की साबणासारखा होतो. रंग ओला असतानाच त्यावर कोरडी चाळलेली वाळू भुरभुरा.

शेवाळ काढायला तारेचा ब्रश आणि पाणी, हंगामात दर आठ दिवसांनी, शक्यतो शुक्रवारी. ब्लीचिंग पावडर ओतू नका. ती धुऊन थेट ओढ्यात जाते आणि त्याच ओढ्याचं पाणी खालच्या वाड्या पितात.

कड्याच्या अगदी टोकाला कठडा

सह्याद्रीत बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये अनेक ठिकाणी मऊ तांबडा थर असतो. तुषारांनी तो आधी झिजतो आणि वरचा कातळ छज्ज्यासारखा पुढे राहतो. वर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या पायाखाली पोकळी आहे हे दिसत नाही. म्हणून कठडा टोकापासून किमान दोन मीटर आत हवा आणि जागा ठरवण्याआधी समोरच्या बाजूने दुर्बिणीतून कडा पाहून घ्यावा. वरच्या जमिनीवर कड्याला समांतर भेग दिसली तर कठडा त्या भेगेच्याही मागे घ्या.

उंची १.२ मीटर. खांब दीड मीटरवर, अर्धा मीटर खोल काँक्रीटमध्ये. जांभा भुसभुशीत असतो, त्यात नुसते बोल्ट ठोकून केलेलं काम एका हंगामात सैल होतं. तिथे खड्डा घेऊनच खांब उभा करा. मधल्या सळ्या उभ्या असाव्यात आणि दोन सळ्यांत दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. आडव्या नळ्या लावल्या की मुलांना त्याची शिडी मिळते, हे आपण रोज बघतो आणि तरी आडव्याच लावतो. लोखंडी नळी सडते ती तळाशी, जिथे काँक्रीट संपतं आणि पाणी साचतं. तिथे काँक्रीटला बाहेरच्या बाजूने उतार द्या आणि नळीचं वरचं तोंड वेल्डिंगने बंद करा, नाहीतर ती आतून गंजते आणि वरचा रंग शाबूत दिसत राहतो. दर शुक्रवारी दोघांनी प्रत्येक खांब जोर लावून हलवून पाहावा. हलला तर दुरुस्ती होईपर्यंत त्याच्या दोन मीटर मागे दोर बांधून ती जागा बंद ठेवायची. रविवार निघू दे, सोमवारी बघू, असं म्हणू नये.

सडावाघापूरला गोष्ट आणखी वेगळी आहे. वारा पाणी वर उडवतो तिथे तो माणसालाही रेटतो. वाऱ्याला रेलून उभा राहिलेला माणूस वारा अचानक पडला की पुढे जातो. अशा पठारावर कड्यापासून पाच मीटरवर दोराची रेघ असावी आणि छत्री उघडून पुढे जाऊ देऊ नये.

कठडा फक्त धबधब्यापाशीच लागतो असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सज्जनगड-ठोसेघर रस्त्यावरच्या बोरणे घाटात सेल्फी काढताना एक तरुणी दरीत पडली. स्थानिकांनी दोराच्या आधाराने तिला वर काढलं. जिथे गाड्या आपोआप थांबतात त्या जागा यादीत घ्या: एकतर थांबणं अशक्य करा, नाहीतर ती जागा नीट बांधा.

चोरवाटा नुसत्या बोर्डाने बंद करणं

मुख्य वाटेवरून पाणी दिसत नसेल तर लोक झाडीतून कडेला जाणारच. चोरवाटेच्या टोकाला काय दिसतं ते आधी जाऊन पाहा. चांगला देखावा असेल तर तसाच देखावा सुरक्षित ठिकाणी, मुख्य वाटेवर मिळवून द्या. मग चोरवाट बंद करा: दोन्ही टोकांना पहिले दहा-पंधरा मीटर करवंदीच्या वाळल्या फांद्या, आडवे ओंडके, उकरलेली माती. फक्त तोंडाला काटे टाकले तर लोक वळसा घालून जातात. वाट मातीत दिसेनाशी झाली की पाय वळत नाहीत.

भांबवलीच्या झाडीत जळवा असतात. जळू दिसली की लोक घाबरून मिळेल त्या जागी थांबतात, वाट सोडतात. त्यासाठी दोन-तीन ठिकाणी, कड्यापासून लांब, बसायला सपाट दगड आणि मिठाची पुरचुंडी ठेवली तरी फरक पडतो.

गॅलरीवरची माणसं न मोजणं

१५ जून २०२५ रोजी कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चौघांचा जीव गेला. तो जिल्हा पुण्याचा, पण धबधबा पाहायच्या गॅलऱ्या आणि साकव, म्हणजे ओढ्यावरचे छोटे पूल, आपल्याकडेही आहेत.

हिशोब सोपा आहे. सहा मीटर बाय चार मीटरची गॅलरी म्हणजे २४ चौरस मीटर. सुखाने उभं राहायला एका चौरस मीटरला दोन माणसं धरली तर ४८. प्रत्येकाला दहा मिनिटं दिली तर तासाला २८८ माणसं. याहून जास्त लोक दर तासाला फाटकातून सोडले तर गर्दी पायऱ्यांवर साचणार. म्हणून आकडा गॅलरीवर ठरतो आणि माणसं फाटकावर अडवायची असतात. पर्यटकांकडून घेतल्या जाणाऱ्या उपद्रव शुल्काच्या पावत्या फाडणाऱ्यानेच आत गेलेले आणि बाहेर आलेले मोजावेत. संध्याकाळी दोन्ही आकडे जुळल्याशिवाय फाटक बंद करू नये. शेवटचा प्रवेश चारला. सूर्य सातनंतर मावळत असला तरी धुक्यात आणि झाडीत त्याच्या तासभर आधीच पायरी दिसेनाशी होते.

साकवावर वजनाची मर्यादा किलोमध्ये लिहून उपयोग नाही. ‘एका वेळी दहा माणसं’ असं लिहा आणि तिथे माणूस उभा करा.

ओढ्याची पातळी डोळ्याच्या अंदाजावर सोडणं

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी वाढलं तेव्हा ते मध्यात होते.

ओढा जिथे ओलांडला जातो तिथे कातळावर तीन पट्टे रंगवा. घोट्यापर्यंत, म्हणजे साधारण १२ सेंटिमीटरपर्यंत हिरवा, त्यावर ३० सेंटिमीटरपर्यंत पिवळा, त्यापुढे लाल. पिवळ्यावर लहान मुलं आणि वयस्कर मंडळी बंद, लालवर सगळ्यांना बंद. वेगाने वाहणारं गुडघाभर पाणी धडधाकट माणसाला पाडतं आणि पडलेला माणूस गुळगुळीत कातळावर पुन्हा उभा राहू शकत नाही. पातळी लाल पट्ट्याच्या खाली असली तरी दहा मिनिटांत चार-पाच बोटं चढली तर लगेच रिकामं करायचं. आधीच्या खुणाही आहेत: पाणी अचानक गढूळ होतं, काटक्या आणि पानं वाहत येतात, आवाज जड होतो. आपल्या डोक्यावर ऊन असेल, पाऊस वर सड्यावर पडत असेल. वरच्या वाडीतल्या एकाने जोराचा पाऊस लागताच फाटकावर कळवायचं, हे आधी ठरवून ठेवा. रेंज नसते म्हणून वॉकीटॉकी घ्या. तीन लांब शिट्ट्या म्हणजे ‘पाण्याबाहेर या’, ही खूण तिकिटावर छापा.

डोहात उतरू देऊच नये. धार पडते तिथल्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की अंग तरंगत नाही, पोहता येणाऱ्याचंही नाही. तळाला पाण्याने कातळात कोरलेले रांजणखळगे असतात, कमरेएवढ्या पाण्यात पुढच्या पावलाला दोन पुरुष खोली. धारेखाली उभं राहणं तर आणखी वाईट: तीस मीटरवरून सुटलेला दगड खाली येईपर्यंत ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे वेग घेतो आणि पाण्याच्या आवाजात तो येताना ऐकूही येत नाही.

बोर्ड चुकीच्या जागी

‘धोका’ लिहिलेला बोर्ड कड्यावर असतो, तिथे पोचलेला माणूस परत फिरत नाही. आज ओढा बंद आहे की चालू हे वाहनतळावर, गाडीतून उतरण्याआधी कळायला हवं. सात-आठ शब्द, मराठी आधी, सोबत चित्र. दहा मीटरवरून वाचायचं तर अक्षर किमान तीन सेंटिमीटर उंच. जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघाला असेल (आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो) तर तो भिंतीवर चिकटवून काम होत नाही, फाटकावर माणूस लागतो.

मदत येईल त्या वाटेवर गाड्या लावणं

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की रुग्णवाहिका शेवटच्या किलोमीटरला अडकते. एक बाजू पूर्ण मोकळी ठेवा आणि वाहनतळ भरला की गाड्या गावाच्या अलीकडेच थांबवा.

वाट किमान १.२ मीटर रुंद आणि वळणावर दोन मीटर हवी, तरच स्ट्रेचर निघतो. दीड किलोमीटर चढावर एकाला आणायला आलटूनपालटून आठ माणसं लागतात. ती कोण, याची यादी फाटकावर लावा. सोबत स्ट्रेचर, प्रथमोपचार पेटी, हवा भरलेली ट्यूब किंवा रिंग आणि पाण्यावर तरंगणारा २५ मीटरचा पॉलिप्रोपिलीनचा दोर पिशवीत गुंडाळून ठेवा. वाहणाऱ्या माणसामागे उडी मारायची नाही, दोर फेकायचा, तोही प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभं राहून. ओढण्या बांधून केलेली साखळी ओल्या गाठीवर सुटते.

वाटेवर दर १०० मीटरला क्रमांकाचा खांब रोवा आणि प्रत्येक खांबाचे अक्षांश-रेखांश मे महिन्यातच पोलीस ठाण्याला, १०८ च्या रुग्णवाहिकेला आणि जवळच्या ट्रेकर्सच्या बचाव पथकाला देऊन ठेवा. रेंज कोणत्या खांबापाशी मिळते तेही त्याच खांबावर लिहा. मग ११२ वर फोन करणाऱ्या घाबरलेल्या माणसाला ‘मोठ्या झाडाच्या पुढे’ असं सांगावं लागत नाही, ‘वजराई, खांब ९, ओढ्याच्या बाजूला’ एवढं सांगितलं की पथक निघतं.